राब विझवला तेव्हा

कर्जतला आमच्या शेजारी शेत असलेले काका रोज सकाळी बांधावर उकिडवे बसून आमची नवी शेती बघतात. काहीही विचारलं तरी म्हणतात, "बरं हाय."

पहिल्या उन्हाळ्यात त्यांनी भाताच्या रोपांसाठी जमीन भाजायला पालापाचोळ्याचा राब पेटवला. आग लागली समजून आम्ही सहकुटुंब बादल्या घेऊन धावलो आणि तो विझवला. काका म्हणाले, "तुमी दमला असाल. जरा पानी प्या."

पुढे पुस्तकात बघून पेरलेली आमची रोपं तणात गेली. लावणीच्या सकाळी आमच्या बांधावर काकांच्या रोपांच्या जुड्या ठेवलेल्या होत्या.

परवा मी पाहुण्यांना आमच्या नैसर्गिक शेतीची पद्धत समजावत होतो. एकाने बांधावरच्या काकांना विचारलं, "कसं पिकवतात हे?"

"बरं हाय," काका माझ्याकडे न बघता म्हणाले.