यादीतला थोरला

मंडळी, आज दुपारी खारदांड्यात मी चुकीच्या माणसाला सुई टोचता टोचता राहिले.

करोनाच्या सर्व्हेत त्याच माणसांचं रक्त आम्ही काही महिन्यांनी पुन्हा घेतो, प्रतिकारशक्ती टिकली का ते बघायला. माणूस बदलला की सगळं मुसळ केरात.

एका कोळीण मावशींनी मुलाला पुढे बसवलं. पट्टा बांधताना लक्षात आलं, मागच्या वेळी दंडावर होडीचं गोंदण होतं. आता नाही.

"मावशी, हा तो नाही."

"धाकटा आहे. थोरला गेल्या महिन्यात गेला गो. तू नाव खोडशील, म्हणून याला बसवला."

धाकट्याने हात मागे घेतला नाही. मीच पट्टा सोडला.

संध्याकाळी यादी द्यायचीय. 'मयत' लिहायला हात धजत नाहीये. तुमचा धजला असता?