कुंडलच्या सरांचं थडग्यांचं पुस्तक

“आवं मॅडम, घरात दुखणं हाय आन तुमी मढी-थडगी काय वाचताय?”

निकम सरांच्या सूनबाई, सुरेखाताई, चहा ठेवता ठेवता म्हणाल्या. मी स्पीच थेरपिस्ट. सांगलीहून कुंडलला सरांना बोलतं करायला जात होते. आणि हातात होतं जुन्या इंग्रजी भयकथा-कवितांचं जाड पुस्तक. पडके किल्ले, धुकं, तळघरं, शवपेट्या.

सर इंग्रजीचे शिक्षक. स्ट्रोकनंतर त्यांना अफेजिया झाला. म्हणजे समजतं सगळं, पण शब्द ओठांपर्यंत येत नाहीत. तरी पाठ असलेल्या, तालातल्या ओळी कधी कधी शिल्लक राहतात. आपण ओळ सुरू करायची, पेशंटनं सोबत म्हणायची, मग आपण हळूच थांबायचं. चित्रांच्या कार्डांना सर दाद देत नव्हते. हे पुस्तक मात्र त्यांनी कपाटाकडे बोट दाखवून मागितलं. आधी नुसती यमकं आली, मग अर्ध्या ओळी. ते ऐकल्यावर सुरेखाताई म्हणाल्या, वाचा बापडं, पण देवघरापास्नं लांब. आम्ही पडवीत बसायला लागलो.

एक दिवस गोष्ट निघाली जिवंतपणी पुरलेल्या माणसाची. वर लोक बोलतात ते ह्याला ऐकू येतं, ह्याची हाक कुणाला जात नाही. सरांनी माझा हात धरून वाचन थांबवलं. पानावर बोट ठेवलं.

“हा... मी.”

हे पाठ केलेलं नव्हतं. स्ट्रोकनंतरचं त्यांचं पहिलं स्वतःचं वाक्य. मी ‘सांगा सर, आणखी सांगा’ म्हणायला हवं होतं. मी ‘छान’ म्हणाले आणि पान उलटलं. दारात सुरेखाताई डोळ्यांना पदर लावून उभ्या होत्या.

संध्याकाळी सरांच्या मुलाचा फोन आला. तो फौजेत, पोस्टिंग लांब. बाबा खचत चाललेत असं सुरेखाताईंनी त्याला कळवलं होतं.

“मॅडम, ते बुक बंद करा. पॉझिटिव्ह काहीतरी घ्या.”

मी लगेच हो म्हटलं. फॅमिलीचं प्रेशर होतं, असं आजवर सगळ्यांना सांगत आले. खरं म्हणजे मला सुटल्यासारखं वाटलं. त्या दोन शब्दांनंतर सरांसमोर बसायची मला भीती वाटत होती.

पुस्तक माळ्यावर गेलं. मी कार्डं काढली. केळं, गाय, छत्री. सर, हे काय? सरांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि तोंड मिटून घेतलं. ते पुन्हा उघडलं नाही. रिपोर्टमध्ये मी लिहिलं, पेशंट को-ऑपरेट करत नाही. थेरपी थांबली. पुढे दुसऱ्या स्ट्रोकमध्ये सर गेले.

मी घरी भेटायला गेले तेव्हा सुरेखाताईंनी आत बोलावून हळूच विचारलं, “म्या त्ये पुस्तक बंद कराय लावलं, म्हणून मामंजींचं बोलायचं ऱ्हायलं का वो?”

“तसं नक्की सांगता येत नाही,” मी म्हणाले.

उत्तर शास्त्राला धरून होतं. पण पुस्तक मिटलं ते मी, आणि का मिटायचं नसतं हे त्या घरात फक्त मला माहीत होतं. तेवढं मी त्यांना सांगितलं नाही. तो भार त्या अजून वाहतायत.

पेशंटला बोलतं करणं हे आमचं काम. त्यानं काय बोलावं हे ठरवणं नव्हे. परीक्षेत हे लिहून मी मार्क मिळवले होते.