तळाचे पाणी

गेल्या वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी सातच्या सुमारास, आमच्या गावातल्या खालच्या ओळीतील चौदा घरांनी वापरायला साठवलेले सगळे पाणी बाहेर ओतून दिले. ड्रम, रांजण, सिमेंटच्या टाक्या, कूलर, गुरांची टाकी, सगळे तळापर्यंत. गावाला नळ दर चौथ्या दिवशी येतो. त्या दिवशी तो आठ वाजता येईल, असा शब्द एका बाईने दिला होता. तिचे नाव शेवंताबाई. वय बहात्तर, डाव्या पायाला हत्तीरोग, घरची दीड एकर भाजीची वाडी.

वर्धा जिल्ह्यातल्या तळेगावचा बाजार मागे टाकून घाट चढला की पठार लागते. तिथे आत चार किलोमीटरवर हे गाव आहे. नागपुरातल्या वर्तमानपत्रातून निवृत्त झाल्यावर मी आणि पत्नी सुनंदा इथे राहायला आलो. सुनंदाने शाळेत बत्तीस वर्षे गणित शिकवले होते आणि तिला अंगण हवे होते. मला शांतता हवी होती. उंचावर हवा थंड असते, म्हणून डास नसतील, हे मी नागपुरात बसून ठरवले होते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या बातम्यांतली विधाने तपासून घेतली. हे एक तपासायचे राहिले.

पहिल्याच पावसाळ्यात खिडक्यांना जाळ्या लावल्या, अगरबत्त्या जाळल्या, चार्जिंगच्या रॅकेटी घेतल्या. कडुनिंबाचा धूर केला, तेव्हा डासांआधी आम्हीच घराबाहेर आलो. ग्रामपंचायतीला मी तीन अर्ज लिहिले. पहिला दारासमोरच्या नालीबद्दल, दुसरा धूरफवारणीबद्दल आणि तिसरा शेजारच्या वाडीतल्या सऱ्यांमध्ये पाणी साचते याबद्दल. वाडी शेवंताबाईंची होती. फवारणीचे यंत्र एकदा येऊन गेले. भाद्रपदात सुनंदाला डेंगी झाला. वर्ध्याच्या दवाखान्यात ती सहा दिवस होती.

आम्ही घरी परतलो त्याच दुपारी शेवंताबाई पहिल्यांदा आमच्या घरी आल्या. आजाऱ्याला भेटायला येणारे लोक फळे आणतात. यांच्या हातात एक ओगराळे आणि पांढरी इनॅमलची ताटली होती. दारात चप्पल काढली, खाटेवर पडलेल्या सुनंदाकडे एकदा पाहिले आणि काही न विचारता त्या मागच्या खोलीत गेल्या. तिथे आमचा कूलर होता. जूनपासून बंद, पण खालच्या टाकीत पाणी तसेच. त्यांनी ओगराळ्याने ते ताटलीत घेतले आणि ताटली सुनंदापुढे धरली.

“बाई, तुम्हाले पोट्टे किती?”

सुनंदाने सांगितले, एकच, पुण्याला असतो.

“नाई बाप्पा. इथं तं गंजच दिसून राह्यले.”

ताटलीच्या पांढऱ्या तळावर गंज, म्हणजे पुष्कळ, अळ्या वळवळत होत्या. मग त्या माझ्याकडे वळल्या. अर्ज पंचायतीत वाचला गेला होता, हे मला तेव्हा कळले.

“पेपरवाले भाऊ, अर्जात माहं वावर लिवलं म्हणते तुमी. बरं केलं. आता कूलर लिवा.”

कूलर आणि सुनंदाची खाट यांच्यात चार पावलांचे अंतर होते. टाकी त्यांनीच ओढून अंगणात नेली आणि वांग्याच्या रोपांत उलटी केली. नालीत का नाही, असे मी विचारले. नालीत ओतले तर ती पोरे तिथे मोठी होतात, जमिनीत मुरले तर मरतात, असे त्यांनी सांगितले. नंतर नारळाची शेंडी आणि राख मागून टाकीची आतली बाजू घासली, कारण डासाची अंडी कडेला चिकटून राहतात. हे सगळे होईपर्यंत त्या चहाला नाही म्हणत होत्या. काम झाल्यावर दोन कप प्याल्या.

हे ज्ञान त्यांना एका फिरत्या आरोग्य कर्मचाऱ्याने दिले होते. तेव्हा त्या चोवीस वर्षांच्या होत्या आणि पाय नुकताच सुजायला लागला होता. त्याने घरामागच्या डबक्यातले पाणी अशाच ताटलीत घेऊन दाखवले. एक वर्ष आधी का नाही आलास, असे त्यांनी त्याला विचारले होते. ही गोष्ट सांगताना त्यांचा आवाज चढत नसे. पाय रोज संध्याकाळी साबणाने धुऊन, बोटांच्या बेचक्या पुसून, त्या तो उशीवर ठेवून बसत. कोणी पायाबद्दल हळहळले की म्हणत, “मच्छर आठ दिवसाचं राह्यते. पाय जलमभराचा हाय.”

डेंगी पुन्हा झाला तर जास्त जपावे लागेल, असे डॉक्टरांनी सांगितले होते. सुनंदाने हिवाळा नागपुरात काढला. आमचा फ्लॅट आम्ही भाड्याने दिला नव्हता, कुलूप लावून ठेवला होता. उन्हाळ्याआधी ती परत आली ती एक अट घेऊन. एक पावसाळा पाहायचा. दोघांपैकी कोणालाही ताप आला, तर पठारावरचे घर विकायचे आणि परत जायचे. तिने तोवर अंगणात एकही झाड लावले नाही.

आमचा कूलर रिकामा झाला, तरी डास कमी झाले नाहीत. शेवंताबाईंचे म्हणणे असे, की एका घराने काही होत नाही. ओळीतल्या सगळ्यांनी करायला हवे. अडचण पाण्याची होती. नळ चौथ्या दिवशी येणार, म्हणून लोक ड्रम कधीच रिकामा करत नाहीत. अर्धा उरला असताना वरून भरतात. पाहुणे आले तर, वीज गेली तर, म्हणून तळाचे पाणी राहू देतात. काही घरांत ते तळाचे पाणी दिवाळीपासूनचे होते.

जूनमध्ये शेवंताबाईंनी एक चूक केली. रामभाऊ नावाचे शेतकरी त्यांच्या पलीकडे राहतात. ते बाजाराला गेले असताना या त्यांच्या अंगणात गेल्या, ड्रममध्ये अळ्या पाहिल्या आणि ड्रम लोटून दिला. नळाला तीन दिवस बाकी होते. संध्याकाळी रामभाऊ रस्त्यावर उभे राहून मोठ्याने बोलले. आमच्या घरी काय धरण आहे का, असे त्यांनी साऱ्या ओळीला ऐकू जाईल असे विचारले. दुसऱ्या दिवशी सकाळपासून शेवंताबाईंनी आपल्या विहिरीवरून डोक्यावर पाण्याच्या घागरी आणून रामभाऊंचा ड्रम भरला. त्या पायाने अकरा खेपा केल्या. सुनंदा मदतीला गेली, तर तिला हात लावू दिला नाही.

“चुकलंच माहं,” त्या म्हणाल्या. “दुसऱ्याच्या घरचं पाणी होतं थे. कोणी कोणाचं पाणी सांडू नाई.”

त्यानंतर दोन महिने त्यांनी कोणाच्या ड्रममध्ये ओगराळे घातले नाही. या काळात सुनंदा पूर्ण बाह्यांचे कपडे घालून मच्छरदाणीत बसून वाचत असे. घर विकू असे ती म्हणाली नाही. पण नागपूरच्या फ्लॅटचे वीजबिल भरले का, असे तिने दोनदा विचारले.

पोळ्याला आमच्याकडे दाराशी पळसाच्या फांद्या ठेवतात. दुसऱ्या दिवशी पहाटे त्या उचलून शिवेबाहेर टाकायच्या असतात. टाकायला जाणारे लोक रोगराई घेऊन जाणाऱ्या मारबतीला हाका मारत जातात आणि खोकला, ताप, ढेकूण, डास घेऊन जा असे सांगतात. या सकाळी घरातले काही बाहेर टाकायला कोणी नाही म्हणत नाही. पोळ्याला आठ दिवस असताना शेवंताबाई आमच्या ओट्यावर आल्या आणि सुनंदाशी बोलल्या.

“लोकं मारबतीले म्हणतेत, मच्छर घेऊन जा. मच्छर तं डरमात बसून राह्यलं. थे कशी नेईन त्याले? आधी बाहेर तं काढा.”

सुनंदा हसली. मग तिने वही आणली आणि ओळीतल्या घरांची नावे लिहिली. पुढचे आठ दिवस दोघी दुपारी घरोघर गेल्या. या वेळी शेवंताबाईंनी कोणाला अळ्या दाखवल्या नाहीत. फांदीबरोबर तळाचे पाणीही टाका, एवढेच सांगितले. ग्रामपंचायतीतर्फे नळ सोडणाऱ्या गजाननला त्यांनी गाठले. त्या सकाळी आठला खालच्या ओळीला पाणी सोडीन, असे त्याने कबूल केले. वहीतल्या वीस घरांपैकी तेरा घरे तयार झाली. चौदावे रामभाऊंचे. ते शेवटपर्यंत एकच विचारत होते, नळ नाही आला तर?

“तं माह्या हिरीवरून भरजो,” शेवंताबाई म्हणाल्या. “तुह्या घरी पाणी न्याची सवय हाय मले.”

रामभाऊंच्या पत्नीला हसू आले. रामभाऊ तयार झाले.

ठरल्याप्रमाणे सातला पाणी ओतले गेले. ड्रम आडवे करून लोकांनी राखेने घासले आणि उन्हात उपडे घातले. पाणी बहुतेकांनी परसातल्या भाजीला दिले. आठ वाजले. वीज पहाटेच गेली होती, पंप बंद होता. नऊला गजानन येऊन सांगून गेला, की तळेगावच्या बाजूला तार तुटली आहे. दहाला चौदा घरांत पिण्यापुरत्या पाण्याशिवाय पाणी नव्हते. रस्त्यावर माणसे जमली. शेवंताबाईंच्या दाराकडे सगळे पाहत होते. आपल्या वहीमुळे लोक अडचणीत आले, असे सुनंदा मला म्हणाली. आपण इथे राहण्याच्या नादात हे झाले, असेही म्हणाली.

शेवंताबाई विहिरीवर गेल्या होत्या. दोर आणि बादली त्यांनी आधीच काढून ठेवली होती. पहिली रांग सव्वादहाला लागली. सात-आठ बादल्या त्यांनी ओढल्या. नवव्या बादलीला रामभाऊंनी पुढे होऊन त्यांच्या हातातला दोर घेतला आणि म्हणाले, “बस आता, बाई. पाय वर करून बस.” त्या काठावरच्या दगडावर बसल्या. रामभाऊ बाराला जेवायला गेले, तेव्हा दोर दुसऱ्याने घेतला. वीज दुपारी दोनला आली आणि नळ अडीच वाजता. चौदा घरांनी रिकामे ड्रम भरले.

पुढे नियम ठरला. नळ यायच्या सकाळी आधी तळाचे पाणी भाजीला, मग भरणे. चौथ्या दिवशी रिकामे झाले तर डासाला वाढायला आठ दिवस मिळत नाहीत, हा शेवंताबाईंचा हिशोब सुनंदाने फळ्यावर मांडून ग्रामसभेत समजावला. सहा घरे नंतर आली. त्या पावसाळ्यात आमच्या घरात ताप आला नाही. वरच्या ओळीत दोघांना आला. यावरून काय सिद्ध होते, ते सांगणे कठीण आहे; पाऊसही त्या वर्षी कमी होता. डास संपलेले नाहीत. दिवेलागणीनंतर तासभर दारे लावावी लागतात. आता सुनंदा त्याआधीचा वेळ ओट्यावर उघड्यावर बसून काढते.

दिवाळीनंतर शेवंताबाईंचा पाय लालबुंद होऊन ताप चढला. अशी दुखणी त्यांना पूर्वीही येत, पण या वेळी उतरायला महिना लागला. पवनारला त्यांची मुलगी राहते. तिने त्यांना नेले, कारण तिथून वर्ध्याचा दवाखाना जवळ आहे. निघण्याच्या सकाळी त्या सुनंदाचा हात धरून उभ्या होत्या. सुनंदाने त्यांना विचारले, की आम्ही इथे राहावे की जावे.

“मी कोण सांगणारी? तुह्या जिवाचं तू पाह्य. राह्यली तं चांगलंच हाय. गेली तं कूलर उलटा करून जाजो.”

वाडी आता रामभाऊ ठोक्याने, म्हणजे वर्षाची ठरावीक रक्कम देऊन, करतात. पवनारला नळ रोज येतो, त्यामुळे लोक काहीच रिकामे करत नाहीत, अशी तक्रार शेवंताबाई फोनवर करतात. मुलीच्या गल्लीतल्या तीन घरांशी त्यांचे बोलणे झाले आहे. एका घराशी भांडण. या वर्षीच्या मारबतीला त्या गावात नव्हत्या. खालच्या ओळीतल्या वीसही घरांनी पाणी ओतले, वरच्या ओळीतल्या काहींनीही. नळ आठ वाजून दहा मिनिटांनी आला. त्यांनी फोन करून दहा मिनिटे उशीर का झाला, असे विचारले.

नागपूरचा फ्लॅट आम्ही भाड्याने दिला. सुनंदाने अंगणात संत्र्याची दोन आणि लिंबाचे एक कलम लावले आणि मतदार यादीतले नाव नागपूरहून इकडे आणण्यासाठी अर्ज भरला. नवी यादी मागच्या आठवड्यात ग्रामपंचायतीत लागली. तीत तिचे नाव आहे. त्याच पानावर, चार नावे वर, शेवंताबाईंचे नाव आहे. ते पवनारला नेण्याचा अर्ज त्यांनी केलेला नाही.