न पिळलेली भाजी

बोरी अरबकडून येणारी काळीपिवळी जीप दारव्ह्याच्या स्टँडवर थांबली की ड्रायव्हर सीटखालून स्टीलचा डबा काढून माझ्या हातात द्यायचा. डबा माझा नसायचा. माझ्या खोलीतल्या जोडीदाराचा असायचा. रेल्वेची नवी लाईन पडते आहे, तिच्या मातीकामावर तो टिप्पर चालवतो आणि मी पोकलेन. त्याची शेवटची खेप बाकी असायची, म्हणून डबा आणायचं काम माझ्याकडे.

त्याचं घर तांड्यावर, जीपच्या रस्त्यालाच. त्याची आई वळणावर उभी राहून डबा जीपमध्ये ठेवते. माझं घर तळकोकणात. आठवीत शाळा सोडली, मशीन शिकलो, मशीन नेईल तिकडे गेलो. आईनं माझ्यासाठी डबा ठेवावा अशी कुठली जीप तिथून इथे येत नाही.

डबा खोलीपर्यंत आणताना झाकणातून लसणाचा वास यायचा. जोडीदार डबा उघडायचा तेव्हा मी मेसचा भात आणि पातळ वरण कालवत बसायचो आणि डोळे त्याच्याकडे जायचे. तो हसायचा.

"काहून बे, वास घेऊनच पोट भरून राह्यलं का तुहं?"

कधी एखादा घास द्यायचाही. पण दिलेला घास आणि पाठवलेला घास यात फरक असतो. जेवताना त्याला फोन यायचा. तिकडून आई विचारायची, इकडून हा तोंडात भाकर घेऊन "हाव, हाव" करायचा. त्याच्या पगाराचा हेवा मला कधी वाटला नाही. त्या "हाव, हाव"चा वाटायचा.

ऊन वाढलं तसं केबिनमध्ये बसल्या बसल्या माझ्या काळजाचा एखादा ठोका चुकायला लागला. चुकायचा आणि मग पुढचा धाडकन पडायचा. पिंढऱ्यांत गोळे यायचे. मी कोणाला सांगितलं नाही. ऑपरेटरचं काळीज धडधडतं हे कळलं तर त्याला मशीनवर कोण ठेवेल? पण एका दुपारी डोळ्यांपुढे अंधारी आली. मशीन बंद करून मी खाली टेकलो आणि ते सुपरवायझरनं पाहिलं.

"डॉक्टर ठीक म्हणेपर्यंत सीटवर बसायचं नाही," तो म्हणाला. "खाली झेंडी घेऊन उभा राहा. औषधानंही फरक पडला नाही तर तू तुझ्या गावाला, मशीन दुसऱ्याला."

दुसऱ्या दिवशी माझ्या सीटवर दुसरा ऑपरेटर होता. माझीच उशी पाठीला लावून बसला होता. मी उन्हात झेंडी हलवत त्याचा हात कुठे चुकतो ते बघत होतो. चुकत नव्हता, हे जास्त लागलं.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी छातीला तारा लावून ठोक्यांची पट्टी काढली, रक्त तपासलं. पोटॅशियम कमी आणि मॅग्नेशियमही कमी. ठोका नीट पडायला ही दोन्ही लागतात, म्हणाल्या. घाम एवढा गाळता, जेवता काय? मी सांगितलं. सकाळी चहा-तोस, दुपारी चहा-तोस, रात्री मेस.

"काही दिवस गोळ्या देते. पुढे मात्र ताटातून भागवायचं. पालेभाजी, केळी, हरभरा, तूर, शेंगदाणे, ज्वारीची भाकरी. किडनी चांगली आहे म्हणून सांगतेय, हे सगळ्यांनाच चालत नाही. आणि भाजी उकडून पाणी फेकू नका, त्यातच बरंच निघून जातं."

नारळपाणीही म्हणाल्या. आमच्या परड्यात नारळ आपोआप पडतात, उचलायला माणूस नाही. इथे तो हातगाडीवर विकत घ्यायचा.

हे सगळं मी जोडीदाराला सांगितलं आणि त्यानं मला न विचारता आईला सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी जीपचा ड्रायव्हर डबा दोन बोटांत लोंबकळत धरून उभा.

"तुमची याडी भाजी पाठवून राह्यली का नदी? सीट भिजली माही."

याडी म्हणजे तांड्याच्या बोलीत आई. डब्यात एक पुडा वाढला होता आणि सगळ्या पुड्यांत अंबाडी, तुरीची डाळ घातलेली, पातळ, आंबट. अंबाडी उकडून, पिळून, आंबट पाणी काढून मगच फोडणीला टाकायची, ही इकडची रीत. याडीनं माझ्यासाठी पिळणं बंद केलं होतं.

मी बोटं चाटली. जोडीदाराचं तोंड मात्र वाकडं.

"जलमभर कोरडी भाजी खाल्ली म्या. तुह्यापायी आता हे आंबट पाणी."

फोन आला. त्यानं ऐकलं आणि फोन माझ्याकडे सरकवला. "घे. आधी तुलेच विचारून राह्यली."

"खाल्लं का बापा? पाणी पेलं ना भाजीचं?" याडी म्हणाली.

"हाव," मी म्हणालो. माझ्या तोंडून हाव आलं. तो भिंतीकडे तोंड करून जेवत होता. मला बरं वाटलं, आणि खोटं कशाला लिहू, त्याचं तोंड बघूनही बरं वाटलं.

पुढे अंबाडी गेली, चिवळ आली, हरभऱ्याची वाळवलेली भाजी आली. तो रोज कुरकुरायचा, रोज खायचा. पुन्हा रक्त तपासलं, पट्टी काढली. डॉक्टरबाई म्हणाल्या, ठीक आहे, बसा मशीनवर, पण जेवण हेच ठेवा. त्या संध्याकाळी जोडीदारानं माझ्यादेखत फोन लावला. "याडी, हा बरा झाला. आता पिळत जाय वं भाजी." उद्यापासून डबा हलका होणार, असं मी धरून चाललो.

दुसऱ्या दिवशी डबा तेवढाच जड होता. वरच्या पुड्यात कोरडी भाजी, खालच्यात पातळ. या बाईचे उपकार कसे फेडायचे, मला अजून कळलेलं नाही.

आता भिण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून घरी फोन करून आईला पहिल्यांदा सगळं सांगितलं. वाटलं, रडेल. रडली नाही.

"माका आधी कित्याक नाय सांगलंस?"

"तू घाबरली असतीस."

"आणि ती बाई कोण?"

सांगितलं.

"घरात तांबडी भाजी वाढली की ताट सरकवायचंस. तिचीच बरी आवडली तुका? घालता काय ती त्यात?"

"तुरीची डाळ, शेंगदाण्याचं कूट," मी म्हणालो. "आणि लसूण."

"लसूण मी पण घालतंय," आई म्हणाली.