विहिरीची ओटी

कंपनीच्या फाटकाशेजारी भलामोठा फलक लागलाय. त्यावर माझ्या थोरल्या जाऊबाई आहेत, मुक्ताबाई. कमरेवर कळशी, तोंड उघडं, एक हात वर. खाली छापलंय, 'समाधानी ग्रामस्थ, समृद्ध जलस्रोत'. समाधानी! अहो, त्या क्षणी त्या शिव्या देत होत्या. मी शेजारीच उभी होते, एकूणएक शिवी ऐकलीय.

हडपसरच्या मागच्या अंगाला आमची वस्ती. म्हणायला शहर, पण महापालिकेचं पाणी आलं तर आलं. जमिनी कंपनीला गेल्या, घराण्याची विहीर तेवढी उरली, तीही मुक्ताबाईंमुळे. बुजवायला जेसीबी आला तेव्हा या बाई काठावर मांडी ठोकून बसल्या. "आधी मला बुजवा," म्हणाल्या. ड्रायव्हरनं मुकाट्यानं यंत्र मागं घेतलं. जीभ अशी तिखट, की आमचे सासरेसुद्धा टरकून असायचे. पण वस्तीत मयत असो की बारसं, पाण्याची पहिली कळशी त्यांच्या हातची पोचायची.

अशी बाई फसली कशी, असं लोक मला विचारतात. ओटी भरून फसली, दुसरं काय!

कंपनीतली शेफाली नावाची अधिकारी घरी आली. गोड बोलणारी, नवं लग्न झालेली पोरगी. "आजी, आम्ही तुमच्या विहिरीचा गाळ काढतो, कठडा बांधतो, पावसाचं पाणी जिरवतो. उन्हाळ्यातही पाणी राहील." मुक्ताबाईंनी आधी तिला चहा पाजला आणि मग खणानारळानं तिची ओटी भरली. पहिल्यांदा घरी आलेली सवाष्ण, रिकामी कशी पाठवायची? आणि त्यांच्या लेखी एकदा ओटी भरली की ती लेक झाली. लेकीला नाही म्हणायचं नाही. पोरं पडू नयेत म्हणून जाळी लावू का? लाव. जाळीला कुलूप? लाव बाई. पंप? तोही लाव. मी म्हटलं, "जाऊबाई, किल्ली कुणाकडं राहणार?" तर माझ्यावरच डाफरल्या, "सुंदरा, तुला मेली सगळ्यात खोटच दिसती."

किल्ली राहिली फाटकावरच्या बद्रीनाथकडं. रोज सकाळी तो जाळी उघडायचा, आम्ही पाणी भरायचो. मग उन्हाळा आला. महापालिकेनं कंपनीचं पाणी तोडलं आणि आमची जाळी उघडायची बंद झाली. पंप मात्र दिवसभर घरघरत होता. पाइप जमिनीखालून थेट कंपनीच्या टाकीत. जाब विचारला तर शेफाली म्हणते, "आजी, हे टंचाईचं नियोजन आहे. थोडे दिवस सांभाळून घ्या." वा रे वा! टंचाई यांची, नियोजन यांचं आणि विहीर आमची. आम्ही टँकरमागं बादल्या घेऊन पळायचं आणि यांच्या हिरवळीवर कारंजी नाचायची. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली होती. मुक्ताबाईंना मात्र दुसरीच काळजी लागली होती.

नातसून ऋतुजा बाळंत झाली होती, मुलगी झाली. आमच्यात सव्वा महिना झाला की बाळंतीण विहीर पुजते. काठावर पाच खडे मांडायचे, हळदकुंकू वाहायचं, विहिरीची ओटी भरायची आणि तिनं स्वतः पहिली कळशी ओढून घरी आणायची. त्याआधी घरातल्या माठाला तिचा हात लागत नाही. मुक्ताबाईंनी याच विहिरीवर पुजलं, मी पुजलं. ऋतुजाचं राहायला नको, एवढंच त्यांच्या मनात होतं.

किल्ली मागितली तर शेफाली टाळ्या वाजवायला लागली. "अय्या, किती छान! गुरुवारी पाहुणे येतायत. पाणी वाचवणाऱ्या कारखान्यांना बक्षीस देतात ते. तेव्हाच करू या, फोटोही छान येतील." मी तोंड उघडणार, तर मुक्ताबाईंनी माझा हात दाबला. "जाळी उघडती ना? बास."

गुरुवारी पाहुणे आले. जाळी उघडली. खडे मांडले, हळदकुंकू वाहिलं. ऋतुजानं कळशी सोडली. दोर संपत आला तरी पाण्याचा आवाज नाही. शेवटी खाली धप्प झालं. वर काय आलं? चिखल! पाहुण्यांना टाक्या भरलेल्या दिसाव्यात म्हणून आदल्या दिवशी विहीर तळापर्यंत उपसली होती.

एका पाहुण्यानं विचारलं, "हा विधीचाच भाग आहे का?"

मुक्ताबाईंनी विहिरीच्या ओटीसाठी आणलेला खण-नारळ पुन्हा पदरात बांधला. मग कळशी उचलली आणि तरातरा निघाल्या. पाहुण्यांसाठी फाटक उघडंच होतं. आम्ही सगळ्या बाया मागोमाग. हिरवळीवरच्या नळाला त्यांनी कळशी लावली, भरली, कमरेवर घेतली आणि शेफालीकडं हात करून ओरडल्या, "सटवे, लेक म्हणून ओटी भरली तुझी! आख्खी विहीर गिळलीस?" पुढचं मी लिहीत नाही. तेवढ्यात फोटो निघाला.

बक्षीस? मिळालं की! फलकही लागला.

आता मुक्ताबाई रोज सकाळी कळशी घेऊन त्या फाटकावर जातात. पहिल्या दिवशी बद्रीनाथ म्हणाला, "आजी, साहेबांनी मना केलंय."

"त्या फलकावर कोण हाय?"

"तुम्हीच की."

"मग उघड. न्हाई तर फलक उतरव."

फलक उतरवायची त्याची काय बिशाद! फाटक उघडतं आणि मागोमाग आख्खी वस्ती आत शिरते.

पाणी मिळतंय. पण ऋतुजाचा हात अजून माठाला लागलेला नाही. नळाचं पाणी पहिल्या कळशीचं म्हणून घ्यायला मुक्ताबाई तयार नाहीत. विहिरीच्या ओटीचा तो नारळ देव्हाऱ्यात तसाच आहे. परवा त्यांनी तो उचलून कानाशी हलवला. आतून पाण्याचा काहीच आवाज आला नाही. मी म्हटलं, "जाऊबाई, दुसरा आणू का?"

"आत्ताच नको," त्या म्हणाल्या. "आधी त्या कंपनीला माझ्या विहिरीत पाणी परत आणू दे."