अजगराची जागा

नगरला आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका सायकलवाल्याचं दुकान होतं. पंक्चरसुद्धा तो उभ्यानंच काढायचा, आणि तोंडात सतत बायबलातलं शेवटचं पुस्तक, प्रकटीकरण. त्यातली सूर्य पांघरलेली, बाळंतवेणांनी ओरडणारी स्त्री म्हणजे कोण, यावरून आमचं कायम वाजायचं. मी कॅथलिक, हरेगावच्या यात्रेला जाणारा. माझ्यासाठी ती मरियामाता. तो दुसऱ्या चर्चचा.

"न्हाई सर, ती मंडळी हाय, आपन समदे इश्वासी. ही नुसती खूण असती," म्हणत तो घट्ट केलेला नट पुन्हा सैल करायचा. तिचं मूल गिळायला टपलेला अजगर मात्र त्याच्या लेखी सारखा बदलायचा. कधी रोमचा बादशहा, कधी कॉम्प्युटर.

त्याची लेक बाळंतपणात अडली, तेव्हा मी दवाखान्यात गेलो. प्रसूतीच्या खोलीच्या दाराला पाठ लावून तो उभा होता. नर्स आली की तेवढा सरकायचा, की पुन्हा तिथंच.

"बसा जरा," मी म्हणालो.

"कसा बसू? अजगर तिच्या म्होरंच उभा ऱ्हातो, असं लिवलंय."

"अहो, ती तर नुसती खूण ना?"

"व्हय," तो माझ्याकडं न बघता म्हणाला. "पन ती जागा मी धरलीय."