मावेल एवढाच मॉनिटर

‘बसलं का सगळं?’ हे विचारल्याशिवाय त्यांनी गाडीला कधी स्टार्टर मारला नाही. सगळं म्हणजे आमची पोरं. आतून ‘बसलं’ असा गलका झाला की ते मान आधी पूर्ण उजवीकडे आणि मग पूर्ण डावीकडे वळवायचे. इतकी, की मागच्या सीटवरच्या पोरांना त्यांचं नाक दिसायचं. मगच ती पिवळी व्हॅन आमच्या सोसायटीच्या गेटातून बाहेर पडायची.

शाळेच्या व्हॅनवाल्यांना तुम्हीही ओळखत असाल. त्यांना आपलं नाव ठाऊक नसतं आणि आपल्याला त्यांचं. डोंबिवली पूर्वेच्या आमच्या भागात हे व्हॅनवाले सगळ्यांचे काका होते आणि मी ‘सानूचे पप्पा’. एका कंपनीत अकाउंट्स बघणाऱ्या, चाळिशी ओलांडलेल्या माणसाला एवढी ओळख पुष्कळ झाली.

त्यांच्या त्या मान वळवण्यावर मी फिदा होतो. पालकांच्या ग्रुपवर मी एकदा लांबलचक लिहिलेलं, की इतका सावध ड्रायव्हर अख्ख्या कल्याण-डोंबिवलीत सापडणार नाही. त्याला अंगठेही भरपूर आले. माणूस एवढा का वळून बघतो, हा प्रश्न मला किंवा त्या अंगठ्यांपैकी कोणालाही पडला नाही.

एकदा दुपारी सानूला सोडताना ते म्हणाले, ‘सानूचे पप्पा, तुम्हाला कंप्युटरमधलं कळतं ना?’

‘कळतं थोडंफार,’ मी म्हणालो. हा विनय नव्हता, खोटं होतं. सोसायटीच्या ऑफिसातला बंद पडलेला प्रिंटर मी एकदा चालू केला होता, म्हणजे त्याची भिंतीतली पिन नीट बसवली होती. तेव्हापासून मी इमारतीचा तज्ज्ञ झालो आणि ते पद सोडायचं धैर्य मला झालं नाही.

‘मग एक जुळवून द्या. गेमिंगचा. स्टेअरिंग लावून गाडी चालवतात ना, तसला. आणि बजेट बघा आमचं, नायतर चंद्रावरचा सांगाल.’

‘कोणासाठी?’

‘आमच्यासाठी. का? आम्ही खेळायचं नाय काय?’

मी हसलो. पंचावन्नच्या पुढचा, चहासुद्धा गाडीजवळच उभ्याने पिणारा माणूस आणि गेमिंग. पण नवं खातं मिळाल्यासारखा मी कामाला लागलो. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत व्हिडिओ बघायचो आणि संध्याकाळी त्यांना गेटापाशी ज्ञान पाजायचो. ते सगळं ते आपल्या व्हॅनच्या भाषेत बसवून घ्यायचे. रॅमची एक मोठी पट्टी घेण्यापेक्षा दोन लहान शेजारीशेजारी लावल्या की मशीन जास्त पळतं, असं मी सांगितलं. ‘बरोबर आहे,’ ते म्हणाले. ‘एकटं पोर पेंगतं. जोडीला दुसरं बसवलं की तरतरीत.’

कॅबिनेट मात्र मी माझ्या आवडीने निवडलं. पुढे काच आणि आत रंग बदलणारे दिवे. त्या दिव्यांपायी मी आतली जागा बघायला विसरलो. ग्राफिक कार्ड आलं तेव्हा ते कॅबिनेटपेक्षा बोटभर लांब निघालं. मी ते उभं धरलं, आडवं धरलं, श्वास रोखून तिरकं घालून बघितलं. काका शेजारी शांतपणे उभे होते.

‘बसत नाय?’

‘थोडंसं बाहेर राहतंय.’

‘पोराचा पाय बाहेर राहिला तर मी दार लावत नाय,’ ते म्हणाले. ‘कॅबिनेट बदलून आणा.’

बदलून आणलं. आता उरला फक्त मॉनिटर. तो डोळ्यांनी बघूनच घ्यायचा, असं मीच ठासून सांगितलेलं. म्हणून एका शनिवारी दुपारी आम्ही त्यांच्याच व्हॅनमधून कल्याणला गेलो. स्टेशनजवळच्या गल्लीत एक दुकान आहे, तिथे भिंतभर मॉनिटर लावलेले असतात. दुकानदार काउंटरला टेकून केळं खात होता.

‘अंकल, सत्तावीस घ्या,’ तो म्हणाला. ‘कर्व्ह आहे. गेमच्या आत बसल्यासारखं वाटतं. बाद में बोलोगे, छोटा क्यूं दिया.’

‘मीही तेच म्हणतोय,’ मी म्हणालो. ‘ड्रायव्हिंगच्या गेमला रुंद पडदा पाहिजे काका. आजूबाजूचं जास्त दिसतं.’

काका त्या वळलेल्या पडद्यासमोर उभे राहिले. थोडे मागे सरकले. मग आणखी मागे, पार राउटरच्या खोक्यांना पाठ लागेपर्यंत.

‘मोठा नको,’ ते म्हणाले. ‘मावत नाय.’

‘मी टेबल मोजलंय ना. आरामात मावतो.’

‘टेबलावर नाय हो.’

दुकानदाराने तोवर गाडीचा गेम लावला होता. पडद्यावर हायवे, मधोमध आपली बस आणि डावीकडून एक लाल ट्रक घुसत होता. पडद्याचा तिसरा हिस्सा त्या ट्रकने भरला होता.

‘ट्रक बघा कसला स्मूथ येतोय,’ मी म्हणालो.

‘कुठला ट्रक?’

मला वाटलं, चेष्टा करतायत. मी हसत त्यांच्याकडे वळलो. ते पडद्याकडेच बघत होते, मन लावून, अगदी मधोमध. मग त्यांनी ती मान वळवली, पूर्ण डावीकडे, नाक दिसेल इतकी. ट्रक सापडला. त्यांचा चेहरा हलला नाही, पण मी हसायचा थांबलोय हे त्यांना कळलं.

‘तो लहानवाला द्या,’ त्यांनी दुकानदाराला कोपऱ्यातला मॉनिटर दाखवला. दुकानदार ‘अंकल, बजेट का टेन्शन मत लो’ वगैरे म्हणाला. काकांनी पैसे मोजले. मी मधे पडलो नाही, आणि ओळखीचे लोक सांगतील, असं क्वचित होतं.

मॉनिटरचं खोकं मागच्या सीटवर ठेवून आम्ही व्हॅनमध्ये बसलो. काकांनी किल्ली लावली, पण फिरवली नाही.

‘डावा डोळा गेल्यातच जमा आहे,’ ते म्हणाले. ‘उजव्यातून समोरचं स्वच्छ दिसतं. कडेचं नाय. नळीतून बघितल्यासारखं.’

‘डॉक्टर काय म्हणाले?’

‘गेलोच नाय. चष्मेवाला म्हणाला, मोठ्या डॉक्टरला दाखवा, काचबिंदू असेल. डॉक्टरने लिहून दिलं की विषय संपला. म्हणून हे मशीन. आधी माझं मला बघायचंय, जमतं का नाय. तिथं कोणाला उडवलं तरी परत पहिल्यापासून चालू होतं.’

‘आणि सोमवारी?’

‘सोमवारी शाळा आहे,’ ते म्हणाले आणि किल्ली फिरवली.

मी तिथेच उतरायला हवं होतं, त्यांनाही उतरवायला हवं होतं. पण पंचवीस वर्षं गाडी चालवलेल्या माणसाला ‘तुमच्या गाडीत मी बसत नाही’ हे कुठल्या शब्दांत सांगायचं ते सुचेपर्यंत गाडी पत्रीपुलावर पोचली. पुढे शीळ रस्त्याला शीळफाट्याकडून येणारे ट्रेलर आणि त्यांच्या फटीतून निघणाऱ्या रिक्षा. मी डावीकडे बसलेलो. ‘रिक्षा,’ मी म्हणायचो. ‘बाईक. अजून एक बाईक. पाण्याचा टँकर.’ आवाज असा ठेवायचा प्रयत्न करत होतो, की मी आपला निसर्गसौंदर्य बघतोय. ते प्रत्येक वेळी वेग कमी करायचे. मानपाड्याला वळलो तेव्हा माझा पाय दुखायला लागला होता. संपूर्ण रस्ताभर मी नसलेला ब्रेक दाबत होतो.

घरी आल्यावर मी मनाशी ठरवून टाकलं, की सोमवारी सानूला सर्दी होणार. जरा बरं वाटलं. मग डोक्यात आलं, बाकीच्या पोरांना सर्दी कशी करायची? ग्रुपवर लिहायला घेतलं, ‘सर्व पालकांना विनंती’, आणि खोडलं. एका ओळीत त्या माणसाचं पोट जाणार होतं. पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. तेवढ्यात ग्रुपवरच्या एका ताईंनी विचारलं, ‘सानूचे पप्पा, किती वेळ टायपिंग करताय?’ मी घाईने एक शुभ संध्याकाळचं फूल पाठवून दिलं.

रविवारी सकाळी मी त्यांच्या चाळीत गेलो. काकू अंगणवाडीत मदतनीस. त्यांनी बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींखालचं टेबल रिकामं करून पुसून ठेवलेलं. मी सगळं जोडत गेलो. प्रत्येक भाग टक् करून बसला की काका मागून विचारायचे, ‘बसलं?’ मी ‘बसलं’ म्हणायचो. हे मशीन चालू झालं की आज त्यांना खरं काय ते कळणार होतं आणि ते बघायला मी तिथे असणार होतो.

बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले, सगळे रंग होऊन गेले. पडदा काळाच.

मग काका अगदी हळू म्हणाले, ‘मला दिसत नाय, का लागलाच नाय?’

‘लागलाच नाही काका.’

‘मग बरं आहे.’

मॉनिटरची वायर मी चुकीच्या भोकात घातली होती. ग्राफिक कार्डात घालायची ती वर मदरबोर्डात. माझ्या आयुष्यातली ही एकमेव चूक, जिने कोणाला तरी दिलासा दिला.

वायर बदलली, पडदा उजळला. मी बसचा गेम लावला. काका खुर्ची पुढे ओढून बसले आणि स्टेअरिंगवर हात ठेवताच माणूस बदलला. घाटाचं वळण असं घेतलं, की काकूंनी स्वयंपाकघराच्या दारातून ‘वा’ म्हटलं. मलाही क्षणभर वाटलं, आपण उगाच घाबरलो. मग बस शहरात शिरली. डावीकडून एक स्कूटर आली, सरळ, सावकाश. काका सरळ जात राहिले. धाड.

त्यांनी पहिल्यापासून सुरू केलं. या वेळी मान वळवली, पण मान वळली की पडदाच सुटायचा. पुन्हा धाड. पुन्हा सुरू. मग एक सायकलवाला. मग फूटपाथवरून उतरलेला एक दप्तरवाला. काकूंनी पदराला हात पुसले आणि तो तसाच हातात धरून उभ्या राहिल्या.

‘सानूचे पप्पा,’ काका पडद्याकडे बघतच म्हणाले, ‘खरं सांगा. हा दिसायला पाहिजे होता का?’

आणि मी, तज्ज्ञ, म्हणालो, ‘मॉनिटर लहान आहे ना काका. त्यामुळे होतं तसं.’

त्यांनी स्टेअरिंग सोडलं. ‘मग उद्या मोठा आणू या? मोठ्यात दिसेल?’

ते माझ्याकडे वळून बघत होते. हो म्हटलं असतं तर त्यांनी ऐकलं असतं, सोमवारी गाडी काढली असती, आणि त्यांना ती परवानगी मी दिलेली असती.

‘नाही,’ मी म्हणालो. ‘मोठ्यातही दिसणार नाही.’

त्यांनी मान डोलावली. रागावले नाहीत. खिशातून फोन काढला, ग्रुप उघडून द्या म्हणाले आणि तोंडाजवळ धरून आवाजी मेसेज पाठवला. ‘जय भीम, नमस्कार. उद्यापासून गाडी माझा भाचा चालवणार. लायसन आहे, बॅच-बिल्ला आहे, पोरगा चांगला आहे. माझी नजर कमी झाली. पोरांच्या बाबतीत रिस्क नको.’ एवढंच.

पडद्यावरची बस मात्र चालूच राहिली होती. तिचं इंजीन मेसेजमध्ये घरघरत होतं. पहिलं उत्तर त्याच ताईंचं आलं. ‘काका, आधी गाडी बाजूला घ्या. चालवताना मेसेज करू नका.’ मी ते वाचून दाखवलं. काका खूप हसले. काकू हसल्या नाहीत.

पहिले काही दिवस ते भाच्याशेजारी बसून यायचे, कोणतं पोर कुठल्या वळणावर उलटी करतं ते सांगायला. मग यायचे थांबले. भाचा चांगला आहे. गाणी लावतो. सानू म्हणते, नव्या दादाला आमची नावं पाठ झाली.

ठाण्याला मोठ्या डॉक्टरला दाखवून झालं. आहे ते टिकेल, गेलेलं येणार नाही, असं म्हणाले. रोज थेंब घालायचे. मी अधूनमधून चक्कर मारतो. गेल्या खेपेला गेलो तेव्हा ते गेममध्ये बस चालवत होते, आणि काकू त्यांच्या डाव्या बाजूला स्टुलावर बसून गवार मोडत होत्या.

‘काका,’ मी म्हणालो, ‘ह्यात सेटिंग आहे. सगळी रहदारी बंद करता येते. मोकळा रस्ता.’

‘मग चालवायचं कशाला?’

बस एका चौकात आली. काकूंनी गवारीवरून डोळे उचलले. ‘थांबा जरा. बाई जातेय, पोर आहे काखेत.’

काकांनी ब्रेक दाबला. ती बाई मला दिसत होती. पडद्याच्या अगदी कडेला, सावकाश चाललेली. त्यांना दिसत नव्हती. दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवून ते थांबून राहिले, काकू ‘चला’ म्हणेपर्यंत.